मालकाची हरकत

सासूबाईंशी मी जे खोटं बोललो ते सुचायला मला गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकण्याइतका वेळ लागला. निस्तरायला पाच आठवडे लागले, आणि निस्तरलं असं अजूनही म्हणवत नाही.

तेव्हा आम्ही आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावात राहत होतो. बायको तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी डब्लिनची नोकरी सोडून तिच्यामागून आलो होतो आणि घरी बसून सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहीत होतो. या पुस्तिका कोणी वाचत नाही, लोक सरळ फोन करून विचारतात. तरी त्या लिहिणाऱ्याला आपण फार कामात आहोत असं वाटत राहतं, आणि घरच्यांनाही तसं वाटावं अशी त्याची धडपड असते.

आदल्या वर्षी सासरे गेले होते. सासूबाई अकोल्यात एकट्याच राहत होत्या. तीस वर्षं त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या: तांब्या, पेला आणि त्याखालच्या फडक्याच्या चुण्या. मुली परीक्षा पास व्हायच्या आणि पुन्हा पेन्सिल हातात धरायच्या नाहीत. सासूबाईंचं स्वतःचं काम मात्र वेगळं होतं. दर रविवारी सासरे त्यांना स्कूटरवरून गावाबाहेर न्यायचे, कधी नदीकाठी, कधी धरणाच्या पायथ्याशी, कधी नांगरून ठेवलेल्या काळ्या वावरात. त्या जलरंगात तिथलं दृश्य रंगवायच्या आणि सासरे शेजारी पेपर वाचत बसायचे. पेपर संपला की तोच पुन्हा वाचायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी रंगांची पेटी कपाटात ठेवली आणि विचारणाऱ्याला "आता वय झालं" असं सांगू लागल्या. वय एकसष्ट होतं.

तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या एप्रिलच्या मध्याला आल्या. आदल्या दिवशी बायको मला म्हणाली, "तिला रंगांची पेटी घेऊन यायला सांगितलंय. म्हटलं, माझ्यासाठी आण."

"तुझ्यासाठी? तुला पट्टी धरून सरळ रेघ येत नाही."

"ते तिला माहीत आहे. तरी आणतेय ना?" मग तिने मला सूचना दिल्या. "तू तिला फक्त बाहेर ने. गाडीत बसून राहा. काही सुचवायचं नाही, आणि कलेवर बोलायचं तर अजिबात नाही."

हे सोपं वाटलं तरी नव्हतं, कारण सासूबाई जावयाला काही मागत नसत. जावई ही खायला घालायची वस्तू आहे, तिच्याकडून काम करून घ्यायचं नसतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. खुर्चीवर माझा पेपर पडलेला असला तर त्या उभ्या राहायच्या. फिरायला चला म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "राहू द्या ना जी. तुमचं काम पडलं असंन." काम पडलेलं नसायचं. पण कोणी तसं म्हटलं की मला बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना एरिगल दाखवायला नेलं. हा इथला नावाजलेला डोंगर, पोस्टकार्डांवर असतो तो. सासूबाईंनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि नातेवाइकांचा नवा बंगला पाहिल्यासारखं म्हणाल्या, "मोठा आहे." पेटी उघडली नाही. परत येताना, घर अजून चाळीस मिनिटांवर असेल, त्या एकदम म्हणाल्या, "इथं जरासं थांबता का?"

तिथं काहीच नव्हतं. रस्त्याच्या कडेला उतरती ओली जमीन, तिच्यातून चुलीत जाळायला टर्फ कापून काढतात. विटांच्या आकाराचे मातीचे ओले तुकडे. वाळले की लाकडासारखे जळतात. कापलेल्या जागी जमिनीला पुरुषभर उंचीची काळी उभी कड तयार झाली होती. खाली चराचं पाणी, वर वाळकं गवत, मागे एक पडकी दगडी भिंत. सासूबाई उतरल्या, एरिगलकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिल्या. मग पेटी काढली. मी घरून बाटलीत आणलेलं पाणी त्यांनी ओतून दिलं आणि चरातलं, चहासारखं तपकिरी पाणी भरून घेतलं. जिथलं चित्र तिथलंच पाणी वापरायचं आणि घरी नेल्यावर चित्राला पुन्हा हात लावायचा नाही, असे त्यांचे दोन नियम होते. मला ते पाळायला जड नव्हते. मी गाडीत बसून होतो.

पुढचा महिनाभर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही तिथंच गेलो. त्याच जागी, तीच कड. त्या डोक्याला लोकरीची टोपी आणि साडीवर माझा जुना रेनकोट घालून बसायच्या. पाऊस आला की चित्रावर छत्री, स्वतः भिजायच्या. एकदा गाडीपर्यंत हसत आल्या.

"इथला उजेड बसतच नाही जी एका जागी. आमच्या अकोल्याले ऊन सकाळी येऊन बसलं की संध्याकाळीच उठते. इथं मी ब्रश बुडवून राहिली तोवर तो तिकडं पळाला."

"मग?"

"मग काय, मीही पळाली त्याच्या मागं."

दुसऱ्या एका दिवशी चित्र वाळत ठेवताना त्या म्हणाल्या, "हे पाहा. कापलं तिथं पाणी येते, अन् पाण्यावर पुन्हा शेवाळ. आपलं काही कापलं हे ह्याले ठाऊकच नाही." अशी वाक्यं ऐकली की मी खिडकीबाहेर बघतो, माझी ती वाईट खोड आहे. पण त्या विधवापणाबद्दल बोलत नव्हत्या. हिरव्यात पिवळा किती घालावा, हा त्यांचा प्रश्न होता. घरी आल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि टेबलाखाली माझा हात दाबला. मला ते श्रेय आवडलं. मित्रांना फोनवर मी सांगूही लागलो होतो की, आठवड्यातले दोन दिवस सासूबाईंना देतो.

मग मला कंटाळा आला. त्याला दुसरं भारदस्त कारण नाही. गाडीच्या काचांवर वाफ धरायची, हीटर लावला की झोप यायची, लावला नाही की पाय गारठायचे. युरोपच्या इतिहासाचा एक जाडा खंड मी सोबत नेत होतो. त्यातलं तीस वर्षांचं युद्ध माझ्याच्याने संपेना. सासऱ्यांनी किती रविवार असे काढले असतील, हा हिशेब एकदा मनात आला आणि मी तो लगेच सोडून दिला. दहाव्या खेपेच्या आदल्या दिवशी सासूबाईंना दुकानातून घरी आणत होतो. त्यांनी विचारलं, "उद्या जायचं ना जी?" आणि मी गिअर बदलता बदलता म्हणालो,

"आई, एक अडचण झालीय. त्या जमिनीच्या मालकाची हरकत आहे. परवा पेट्रोल भरताना भेटला."

त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ घेतली. मग म्हणाल्या, "काय म्हटलं त्यानं?"

"खासगी जमीन आहे म्हणाला."

"रागावला?"

"थोडा."

हा 'थोडा' काढायची काही गरज नव्हती. लिहिणाऱ्या माणसाला तपशील भरायची सवय असते.

"मी विचारायले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या पोरींना मीच सांगत होती, कोणाच्या वावरात विचारल्याशिवाय बसायचं नाही. मग मीच काहून बसली?" घर आल्यावर दार उघडता उघडता त्यांनी म्हटलं, "त्यायले माझ्याकडून सॉरी म्हणा."

"सांगतो," मी म्हणालो.

मी अगदीच निर्दय नव्हतो. त्यावर उपाय काढला. तेव्हा मी डिजिटल कॅमेरा घेतला होता. दोन उन्हाचे दिवस गाठून एरिगलचे, एका तळ्याचे आणि एका चर्चचे फोटो काढले आणि मोठ्या कागदावर छापून आणले. सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, नळाच्या पाण्याने, त्या फोटोंवरून चित्रं काढू लागल्या. दोन्ही नियम मोडले. "हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुमाले त्रास नाही." चार चित्रं झाली, चारींत आकाश निळं. आयर्लंडमध्ये इतकं निळं आकाश मी एरवी विमान कंपन्यांच्या जाहिरातींतच पाहिलंय.

बायको म्हणाली, "आई परत आठ वाजता झोपायला लागलीय."

"हवा बदलली," मी म्हणालो.

जूनमध्ये डब्लिनच्या मराठी मंडळींचा मेळावा होता. तिथल्या ओंगार भागात राहणाऱ्या एका मित्राने चित्रांना एक भिंत देऊ केली. आम्ही सगळी चित्रं गाडीत घालून चार तास गेलो. मित्राने टर्फच्या कडेची नऊ चित्रं पाहिली आणि म्हणाला, "ही जरा डल नाही वाटत? त्यापेक्षा ती निसर्गाची लाव ना." निसर्गाची म्हणजे निळ्या आकाशाची. तीच लागली.

हॉलमध्ये ज्योत लावायला मनाई असल्यामुळे समई बॅटरीवरची होती. प्रमुख पाहुण्यांनी तरीही हातात न पेटवलेली काडी धरून दीपप्रज्वलन केलं आणि कोणीतरी मागून बटण दाबलं. पाहुणे कुठल्याशा कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. कला हा निसर्गाशी संवाद आहे, असं ते बावीस मिनिटं सांगत होते. मग सासूबाईंना शाल आणि नारळ देऊन ते एरिगलसमोर उभे राहिले.

"वा! अगदी फोटोसारखं!"

"फोटोच आहे जी," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. केवढा विनय, असं एक बाई म्हणाल्या. मी हातातल्या सरबताकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर दोन दिवसांनी बायकोने मला खोलीत बोलावून सासूबाईंची बॅग दाखवली. रंगांची पेटी साड्यांच्या खाली, अगदी तळाला गेली होती. परत जायला अजून जवळजवळ महिना होता.

"इथंही संपलं तिचं," बायको म्हणाली. "परत गेल्यावर ती पेटी उघडणार नाही, बघ तू."

मी बॅगेची चेन लावली. बोललो असतो तर इथंच थांबता आलं असतं.

त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एक म्हातारा माझ्या गाडीपाशी येऊन उभा राहिला. डोक्याला कॅप, हातांच्या भेगांत काळं बसलेलं. "तूच ना तो, गाडीत पुस्तक वाचत बसणारा?" त्याने विचारलं. लेटरकेनीच्या आसपास असे फार नव्हते. मी कबूल केलं.

"तुझ्या बाई कुठं गेल्या? बऱ्या आहेत ना?"

तो त्या जमिनीचा मालक होता. त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याने सासूबाईंना मात्र वरच्या रस्त्यावरून कितीतरी वेळा पाहिलं होतं. त्यांच्या चपला ओल्या होतात हे दिसलं म्हणून आमच्या शेवटच्या खेपेनंतर त्याने तिथं एक लाकडी पॅलेट आणून टाकलं होतं, सामान रचतात तसलं, बसायला. आणि ती कड राखून ठेवली होती.

"सगळ्यांनी मे महिन्यात कापलं," तो म्हणाला. "मी पुतण्यांना सांगितलं, दुसऱ्या टोकाने सुरू करा, बाईंचं व्हायचंय अजून. मग त्या आल्याच नाहीत. मला वाटलं परत गेल्या, नाहीतर आजारी पडल्या. गेल्या आठवड्यात कापलं शेवटी. हवा थांबत नाही ना कोणासाठी."

"ग्रँड," मी म्हणालो. या देशात मेल्या माणसालाही चालेल असा हा शब्द आहे. मला दुसरा सापडला नाही.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "आईला तू सांगणार की मी?"

"मी," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "आई, तो मालक भेटला. आता हरकत नाही म्हणतो. उद्या जाऊ या." पहिल्या खोट्यावर हे दुसरं मी जवळजवळ खऱ्यासारखं रचलं. सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं, पोळी तव्यावर तशीच सोडून त्या खोलीत गेल्या, आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. पोळी बायकोने उलटली.

दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता. कापलेल्या विटा वाळायला एकमेकींच्या आधाराने उभ्या करत होता. सासूबाई गाडीतून उतरल्या त्या सरळ त्याच्यापाशी गेल्या, हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी." पुढचं त्यांना त्या भाषेत येत नव्हतं आणि त्याचे उच्चार मलाही अर्धेच कळायचे, म्हणजे दुभाष्या मी.

"कशाबद्दल सॉरी?" त्याने मला विचारलं.

"मध्ये येता आलं नाही म्हणून."

"अरे, त्यात काय!"

"काही हरकत नाही म्हणतात," मी सासूबाईंना सांगितलं. असं दोन्हीकडचं सांभाळत मी उभा होतो, आणि लाजिरवाणी गोष्ट ही की ते मला छान जमत होतं.

तेवढ्यात तो माझ्याशी बोलायचं सोडून त्यांना कड दाखवायला घेऊन गेला. हाताने खूण केली: एवढी शिल्लक ठेवली होती. बोटं वर करून आठवडे दाखवले. मग पॅलेटकडे बोट करून, बसा. सासूबाईंनी कापलेली जागा पाहिली. पॅलेटपाशी गेल्या, वाकल्या, आणि त्याच्या फळ्यांकडे बघत राहिल्या. तीस वर्षं ज्या बाईने पोरींना सांगितलं की आधी बघा मग काढा, ती एखाद्या वस्तूकडे किती वेळ बघते हे मला ठाऊक होतं. मग बसल्या आणि कागद काढला. कड आता मागे गेली होती, नवी, जास्त काळी, ओली, चकाकणारी. दुपारपर्यंत त्यांनी ती रंगवली. मी पुस्तक उघडलं नाही.

परतताना निम्मा रस्ता झाल्यावर त्या म्हणाल्या, "जवाईबापू, त्या फळ्यायच्या फटीतून इतकं गवत वर आलं होतं." त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "फळी टाकून महिना तरी झाला असंन. रागावलेला माणूस बसायले फळी टाकत नाही."

मी उगाच गिअर बदलला.

"कंटाळा आला होता तर सांगायचं होतं जी. वर्गात पोरी कंटाळल्या की मी तास सोडून देत होती."

"आई, चुकलं माझं."

"माझं जाऊ द्या. मी जावयाच्या दारी आली, मले कोणी नेलं नाही तरी चालते." त्या माझ्याकडे वळल्या. "मी पाच हप्ते त्या माणसाले मनात शिव्या देल्या. रोज. भांडे घासताना देल्या. एवढी जमीन अन् चार हात जागा देत नाही म्हटलं. त्याचं काय करता?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"त्यायले सांगा," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"मले सांगितलं ते. अन् खरं काय ते."

मला त्यांनी काही करायला सांगितलं, असं हे पहिल्यांदाच. शुक्रवारी त्या पॅलेटवर आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि मी त्या माणसापाशी जाऊन सांगितलं. कंटाळा, पेट्रोल पंप, 'थोडा'. तो विटा रचत रचत ऐकत होता, मग थांबला. तो हसेल असं मला वाटलं होतं. इथली बहुतेक माणसं अशा वेळी हसून तुमची सुटका करतात, आणि खरं तर मी त्याच भरवशावर बोललो होतो.

"त्या मला तसला समजत होत्या?" त्याने विचारलं.

"हो."

"इतके दिवस?"

"हो."

त्याने हात पँटला पुसले. तो पॅलेटच्या दिशेने गेला आणि काम करणाऱ्याच्या अंगावर सावली पडणार नाही एवढ्या अंतरावर उभा राहिला. सासूबाईंनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने त्या रंगांची पेटी उचलून एका बाजूला सरकल्या. तो क्षणभर तसाच राहिला, मग उरलेल्या जागेवर बसला.

मला कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. काय करावं न कळून मी त्याच्या अर्धवट राहिलेल्या विटा रचायला घेतल्या. चार तिरप्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या आणि वर एक आडवी ठेवायची. वारा मधून जायला हवा. दिसायला सोपं होतं. माझ्या पडत होत्या.